ज्युनियरचा आकडा वेगळा आला, तर?

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १९९३ पासून १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातल्या प्रश्नांवर प्रकल्प करतात. समजा, गिरडच्या मुलांनी जवळच्या नदीचं पाणी तपासायला घेतलं आणि शिकवायला तुम्ही, म्हणजे एम.एस्सी.चे विद्यार्थी गेलात. विरघळलेला ऑक्सिजन मोजला. तुमचं उत्तर ४.८ मिलिग्रॅम प्रति लिटर, आठवीतल्या मुलीचं ५.३. चूक तिचीच, असं आपण लगेच धरून चालतो. थांबा जरा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात हा ऑक्सिजन किमान ५ हवा. बीओडी आणि कोलिफॉर्मचे निकष वेगळे आहेतच. पण या एका निकषावर तुमचं पाणी नापास आणि तिचं पास! मग गावाला सांगायचं काय?

फरक कुठून येतो ते बघू.

१. बाटली भरताना: आत बुडबुडा राहिला, तर हवेतला ऑक्सिजन मिसळतो. म्हणून मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड काठावरच घालायचं.

२. टायट्रेशन करताना: स्टार्चचा निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबायचं. थोड्या वेळाने निळा परत येतो, नवशिके पुन्हा थेंब सोडतात. २०० मिलि नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट असेल, तर १ मिलि म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे अर्धा मिलि जास्त गेलं की ४.८ चे ५.३ होतात.

३. वेळ: शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री फक्त वापरतं. त्यामुळे पहाटे आकडा कमी, दुपारी जास्त. त्यात तापमान. २५ अंशांना पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे विसरून चालणार नाही.

पहिली दोन कारणं चुकीची आहेत, तिसरं नदीचं. तुम्ही पहाटे आणि ती दुपारी गेली असेल, तर दोन्ही आकडे बरोबर असू शकतात!

म्हणून एकाच वेळी, एकाच जागी दोन बाटल्या भरा. दोघांनी एकमेकांचं न बघता टायट्रेशन करा. वेळ आणि तापमान लिहा. असं तीनदा करा. आकडे जवळ येईपर्यंत कुठलाही निष्कर्ष ग्रामपंचायतीकडे नेऊ नका.

आणि ती "निळा परत आला, आता काय?" असं विचारेल, तेव्हा "सर सांगतात म्हणून" हे उत्तर देऊ नका. कारण सांगता आलं नाही, तर पद्धत तुम्हालाही अजून यायची आहे. थीसिसच्या व्हायव्हात हाच प्रश्न येतो, फक्त विचारणारे मोठे असतात.