तारापोरवाला मत्स्यालय

मुंबई येथील, महाराष्ट्र शासनाच्या मत्स्यव्यवसाय खात्याने चालविलेले सार्वजनिक मत्स्यालय. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड रेल्वे स्थानकाजवळ, समुद्रासमोर बांधलेल्या इमारतीत ते १९५१ मध्ये सुरू झाले. त्याचे उद्‌घाटन भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. इमारतीसाठी सुमारे ८ लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी २ लाख रुपये डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याने दिल्यामुळे मत्स्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. समुद्रातील व गोड्या पाण्यातील जिवंत मासे, कासवे व इतर जलचर सामान्य माणसास जवळून पाहता यावेत आणि त्याबरोबर सागरी जीवविज्ञानाचे संशोधनही व्हावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. या दुसऱ्या हेतूसाठी मत्स्यालयास सागरी जीवविज्ञान केंद्र जोडलेले होते.

पूर्वपीठिका : जलचर काचेमागे जिवंत ठेवून ते लोकांस दाखविण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये असे दाखवून दिले की, मासे व पाणवनस्पती एकाच भांड्यात ठेवल्यास वनस्पतींनी सोडलेला ऑक्सिजन माशांच्या श्वसनास उपयोगी पडतो व पाणी दीर्घकाळ न बदलता चालते. कुजणारी पाने खाऊन टाकण्यासाठी त्याने भांड्यात गोगलगायीही सोडल्या होत्या. त्यानंतर लवकरच, १८५३ मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडण्यात आले. आंटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने नेपल्स येथे १८७२ मध्ये स्थापिलेली संस्था त्याहून वेगळ्या धर्तीची होती. तळमजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय, वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि प्रेक्षकांच्या तिकिटांतून संशोधनाच्या खर्चास हातभार, अशी तिची योजना होती. भारतात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ मध्ये पहिले मत्स्यालय सुरू झाले. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत झालेल्या या मत्स्यालयाचे महत्त्व त्यामुळे केवळ स्थानिक नव्हते.

रचना व कार्यपद्धती : मत्स्यालयात समुद्रजलाच्या व गोड्या पाण्याच्या टाक्या स्वतंत्र असतात. समुद्राच्या १ लि. पाण्यात सरासरी ३५ ग्रॅ. क्षार असतात. मुंबईच्या किनाऱ्यालगत मात्र पावसाळ्यात नद्या व नाले यांचे पाणी मिसळून हे प्रमाण बरेच घटते व पाणी गढूळ होते. म्हणून समुद्र दारात असला, तरी त्याचे पाणी आहे तसे टाकीत सोडून भागत नाही. ते निवळावे, गाळावे व साठवून ठेवावे लागते. टाकीतील पाण्यात हवेचे बुडबुडे सतत सोडून ऑक्सिजनाचे प्रमाण राखले जाते.

याहून अवघड काम प्रेक्षकाच्या दृष्टीस पडत नाही. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे प्रमाण थोडे वाढले, तरी मासे दगावतात. गाळणीच्या वाळूत वाढणारे सूक्ष्मजंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. यांपैकी नायट्राइटही घातक असते, नायट्रेट त्या मानाने सौम्य. या सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून नवी टाकी भरताच तीत मासे सोडीत नाहीत. पाणी काचेसारखे नितळ दिसत असतानाही ते विषारी असू शकते, हे मत्स्यपालकास प्रथम शिकावे लागते. नव्याने आणलेले मासे काही काळ निराळे ठेवून रोग नसल्याची खात्री करून घेणे, प्रत्येक जातीस तिचे अन्न वेळेवर देणे व एकमेकांस खाणाऱ्या जाती एकत्र न ठेवणे, हा नित्याचा क्रम होय. विजेचा पुरवठा काही तास बंद पडल्यास वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते. पुस्तकांच्या किंवा नाण्यांच्या संग्रहास अशी भीती नसते.

उद्दिष्ट : मत्स्यालयात येणारा प्रेक्षक बहुधा रंगीत माशांपुढे रेंगाळतो व ‘हा खातात का?’ असेही विचारतो. हा प्रश्न हसण्यासारखा नाही. मत्स्यालय मत्स्यव्यवसाय खात्याकडे असण्याचे कारणच असे की, मासा हे राज्यातील हजारो कुटुंबांचे उपजीविकेचे साधन व अन्न आहे; आणि अन्नापासून निघालेला प्रश्न माशाच्या प्रजननकाळापर्यंत, पावसाळ्यातील मासेमारीबंदीपर्यंत व लहान आसांच्या जाळ्यांच्या दुष्परिणामांपर्यंत नेता येतो. मात्र त्यासाठी टाकीवरील पाटीवर नावाखेरीज आणखी काही लिहिलेले असावे लागते. मासा कोठे राहतो, काय खातो, अंडी केव्हा घालतो हे सांगणाऱ्या पाट्या व ते समजावून देणारा माणूस यांवाचून मत्स्यालय करमणुकीचे स्थान होऊन बसते. आपल्याकडील बऱ्याच मत्स्यालयांची उणीव नेमकी येथे आहे.

भारतातील विज्ञान केंद्रांनी हा प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला. विक्रम साराभाई यांच्या प्रेरणेने अहमदाबाद येथे १९६० नंतरच्या दशकात लोकविज्ञान केंद्र निघाले. तेथे विद्यार्थ्याने स्वतः हाताळून प्रयोग करावा, यावर भर होता. मुंबईत वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्राचे उद्यान १९७९ मध्ये व मुख्य केंद्र १९८५ मध्ये खुले झाले. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. जिवंत प्राणी हाताळावयास देता येत नाहीत. परंतु निरीक्षण करून नोंद ठेवण्याची सवय मत्स्यालयातही लावता येते. रत्नागिरी येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सागरी जीवविज्ञान संशोधन केंद्राने संशोधन, मत्स्यालय व संग्रहालय ही एकत्र ठेवली. ही योजना नेपल्सच्या कल्पनेशी अधिक जवळची आहे.

नूतनीकरण व नंतरचा काळ : जुन्या टाक्या व यंत्रसामग्री बदलून मत्स्यालय मार्च २०१५ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. त्यावेळी पारदर्शक ॲक्रिलिकचा, डोक्यावरून मासे फिरताना दिसतील असा १२ फूट लांबीचा बोगदा बसविण्यात आला. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये मत्स्यालय प्रेक्षकांसाठी बंद झाले आणि इमारत धोकादायक अवस्थेत आढळल्याने साथ ओसरल्यावरही बंद राहिले. त्याच्या पुनर्बांधणीच्या योजना शासनाने जाहीर केल्या. समुद्राची खारी हवा लोखंडी सळयांस व काँक्रीटास किती लवकर पोखरते, याची कल्पना किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या इमारतीवरून येते. येथे इमारतीच्या आतही खारे पाणी होते.

अंतर्भागातील उपयोग : हे मत्स्यालय बंद झाल्याची उणीव मुंबईकरांस कमी जाणवेल, त्यांना समुद्र व मासळीबाजार दोन्ही जवळ आहेत. मुंबईस सहलीला येणाऱ्या अंतर्भागातील विद्यार्थ्यास मात्र जिवंत समुद्रप्राणी पाहण्याची ती बहुधा एकमेव संधी होती. अमरावती जिल्ह्यातील भातकुली हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. तेथून मुंबईचे अंतर रेल्वेने सहाशे किमी. हून अधिक आहे. तरीही समुद्राशी त्या भागाचा संबंध नाही, असे म्हणता येत नाही : तेथील पेढी नदीचे पाणी पूर्णेस, पूर्णेचे तापीस आणि तापीचे सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते.

भातकुली तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असल्याने ते पिण्यास व ओलितास अयोग्य ठरते. खारट म्हणून ते समुद्रजलासारखे असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण क्षारांची एकूण मात्रा व त्यांचे परस्परप्रमाण ही दोन्ही भिन्न असतात. अंतर्भागातील खाऱ्या भूजलात सामान्यतः पोटॅशियम फार कमी असते व कोळंबीसारखे सागरी प्राणी त्यात नीट जगत नाहीत. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या हरयाणातील लाहली (रोहतक) येथील केंद्रात असे पाणी कोळंबीसंवर्धनास वापरण्याविषयी संशोधन झाले असून पोटॅशियम घालून ही उणीव काही अंशी भरून काढता येते.

वऱ्हाडातील एखाद्या शाळेस लहान मत्स्यालय करावयाचे झाल्यास त्यासाठी सागरी माशांची आवश्यकता नाही. मरळ मासा तळ्यांत, डबक्यांत व नद्यांत मिळतो. कल्ल्यांशिवाय त्याच्या डोक्यात हवेतील ऑक्सिजन घेणारे पोकळ इंद्रिय असते. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागी येऊन हवा घेतो व वर येऊ न दिल्यास पाण्यातच गुदमरून मरतो. दोन मरळ माशांची पिले, एक टाकी व घड्याळ एवढ्या साहित्यावर मासा तासाभरात किती वेळा वर येतो, सकाळी व दुपारी त्यात काय फरक पडतो, याची नोंद करता येते. मरळ अन्य माशांस खातो व टाकीबाहेर उडी मारतो; टाकीवर जाळीचे झाकण ठेवावे आणि त्याच्या सोबतीस दुसरे मासे ठेवू नयेत.