न कोमेजणारी फुले

पश्चिम ऑस्ट्रेलियात हिवाळी पाऊस सरला की ‘एव्हरलास्टिंग डेझी’च्या फुलांनी राने गुलाबी-पांढरी होतात. त्यांच्या पाकळ्या म्हणजे वस्तुतः कागदासारखी कोरडी छदे होत. खरी चिमुकली फुले मधल्या गोलात दाटलेली असतात. म्हणूनच वाळल्यावरही रूप टिकते. कळी झुकलेली व पाने देठाला बिलगलेली असल्यास ती ‘ऱ्होडँथी मँगलेसी’ समजावी.

आपल्याकडील मैदानी प्रदेशांत ऑक्टोबरात, निचऱ्याच्या जमिनीत, भरपूर उन्हात बी पेरावे. वर माती नाममात्र असावी. अर्धवट उमललेली फुले तोडून सावलीत उलटी टांगावीत. मात्र काही झाडावरच राखावीत. ही रोपे वर्षायू. बी धरले नाही, तर पुढील वर्षी वाफा रिता राहील. त्या रानांतही परवान्याविना फुले तोडण्यास कायद्याने मनाई आहे.