मूल खेळातून बोलतं

पोट दुखलं तर मूल सांगतं. मनात काही सललं तर त्याला शब्द सापडत नाहीत. ते खेळात उतरतं. लंडनला १९२८ साली डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी बिथरलेल्या मुलांसाठी दवाखाना काढला. तिथं खेळण्यांची पेटी होती, वाळूचं तबक होतं. मुलांनी आपणहून खेळणी वाळूत मांडली अन् त्या मांडणीला 'जग' म्हटलं. युक्ती मुलांचीच, बाईंचं मोठेपण हे, की त्यांनी ती ओळखली. मांडलेलं मोडता येतं, पुन्हा मांडता येतं. तसतसा मनाचा पीळ सैलावतो.

तेव्हा गुरुजी, भातुकलीत एखादी पोर बाहुलीला रोजच बडवीत असेल, तर दटावू नका. शेजारी बसा. 'बाहुलीनं काय केलं गं?' एवढंच विचारा, अन् ती सांगेल ते ऐकून घ्या.