कुंभारजुव्याची जलवाट

कालवा म्हटला की आपणां बोरगावकरांस शेताचे पाणी आठवते. गोव्यात मात्र कुंभारजुव्याचा कालवा ही होडीची वाट आहे. मांडवी व जुवारी या नद्यांस जोडणारी ही वाट सुमारे १५ किलोमीटरांची. जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास जाणाऱ्यांनी एक दिवस तिच्यासाठी राखावा, असे आम्ही सुचवितो. होडी संथ चालते. दोन्ही तीरांस खारफुटीची झाडी, खंड्या, बगळे; ओहोटीस चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी! पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूने अडते, तेव्हा खनिजाच्या बार्जी याच वाटेने मुरगावास नेत असत. २०१६ साली हा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. वाहतूक वाढो, परंतु खारफुटीच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. ती झाडी तुटल्यास मच्छीमाराचे जाळे रिते राहील, हे होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.