भाकरी, पनीर आणि लातूरची पाण्याची गाडी

‘आम्ही शाकाहारी. आमच्या ताटानं पर्यावरणाचं काय बिघडणार?’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येतं, आणि त्याच पंगतीत पनीरची भाजी दुसऱ्यांदा वाढली जात असते. गाय-म्हैस रवंथ करते, तेव्हा तिच्या पोटात मिथेन तयार होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. जगभरच्या शेतांवरून काढलेल्या सरासरीत किलोभर चीजमागे २० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, कोंबडीमागे १०च्या आसपास आणि डाळींमागे २हूनही कमी. मटणाचा भार चीजपेक्षाही जास्त, हेही खरं. दूध सोडा, असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू घरात दुभत्या जनावरावरच महिन्याचा खर्च चालतो. पण रोजच्या जेवणात पनीरच्या जागी उसळ आली, तर फरक मोठा पडतो.

‘लांबून आलेलं खाऊ नका’ हा सल्लाही अर्धाच खरा. वरची सरासरी ज्या अभ्यासातली आहे, तो २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात ११९ देशांतल्या ३८ हजारांहून अधिक शेतांची आकडेवारी तपासली होती. अन्नातून होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा तिथे सुमारे ६ टक्के निघाला. विमानानं येणारं फळ मात्र याला अपवाद. बाकी माल किती लांबून आला यापेक्षा तो कसा पिकला, हे आधी विचारायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्न पाण्यापाशी येऊन थांबतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. शहरात लोक हंडे घेऊन रांगेत उभे होते, आणि त्याच मराठवाड्यात उसाचे मळे होते, कारखाने होते. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा. सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून बराच जास्त. आडसाली ऊस तर दीड वर्ष शेतात उभा राहून पाणी पितो. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक मिळतं ते उसालाच.

म्हणूनच ‘साखर वाईट, गूळ चांगला’ हे मला पटत नाही. तब्येतीचं जे असेल ते असो, पाण्याच्या हिशेबात दोन्ही एकच. किलोभर साखर असो की गूळ, ऊस साधारण दहा किलोच लागतो. चहात गूळ घालून पाणी वाचत नाही. एक चमचा कमी घातला तर वाचतं.

याउलट शाळू. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर रब्बी ज्वारी येते. मंगळवेढ्याची मालदांडी अशीच पिकते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर कडबा मिळतो तो वेगळाच. ‘ज्वारी गरिबाचं खाणं’ म्हणत आपण ताटातली भाकरी बाजूला सारली आणि पोळी-भात घेतला. भातखाचरात पाणी साठून राहतं तिथेही मिथेन तयार होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तुरीचं किंवा हरभऱ्याचं कोवळं रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांना बारीक गाठी दिसतात. एखादी नखानं फोडली तर आत गुलाबी असते. तिथले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, म्हणून युरियाची पोती कमी लागतात. डाळीचा भार इतका कमी असण्याचं हे एक मोठं कारण.

राहिलं पानात टाकलेलं अन्न. ‘कुजून मातीतच जाईल’ ही समजूत घरच्या खतखड्यापुरती ठीक. शहरातला ओला कचरा डेपोवर ढिगाखाली दबतो, तिथे हवा पोचत नाही आणि पुन्हा मिथेनच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं त्याच्या मागे. रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा सकाळी कांदा, शेंगदाणे घालून कुस्करा करणाऱ्या बाईच्या घरातून या ढिगात काहीच जात नाही.