अपूर्णांक शिकवताना आधी विचारा : कशाचा?

दरवर्षी जूनमध्ये सहावीच्या नव्या वर्गात मी फळ्यावर एकच गणित लिहिते : १/२ + १/३ = ? बरीच मुले चटकन उत्तर देतात, २/५. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात मिळवले, झाले.

मी लगेच चूक म्हणत नाही. विचारते, "अर्धी भाकरी खाल्ली, मग आणखी एक तृतीयांश खाल्ली. एकूण अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त खाल्ली की कमी?"

"जास्त, टीचर!"

"आणि दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी हळूच म्हणते, "पाचाचे अर्धे अडीच. दोन तर कमीच झाले." म्हणजे आधी अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी खाल्ली आणि हिशेबात ती अर्ध्याहूनही कमी भरली! सगळी मुले हसतात. त्या हसण्यातून खरा तास सुरू होतो.

ही मुले मठ्ठ नाहीत. अनेकांना तीसपर्यंत पाढे पाठ असतात. तरी पालक भेटायला येतात तेव्हा एकच वाक्य ऐकू येते, "टीचर, पोराचे गणित कच्चे आहे, ट्यूशन लावू का?" माझा अनुभव असा, की सगळे गणित सहसा कच्चे नसते. एखादी मूळ संकल्पना कच्ची राहिलेली असते आणि तिच्यावर पुढचे मजले चढवलेले असतात. शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज, बीजगणित या सगळ्यांच्या पायात अपूर्णांक आहे.

नावातच अर्थ आहे

आमच्याकडे काही मुले उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून येतात. त्यांना 'अपूर्णांक' हा शब्द परका वाटतो, पण 'कसर' ठाऊक असते. कसर म्हणजे मूळ अरबीत मोडणे, तुटणे. आपण मराठीत 'कसर भरून काढणे' म्हणतो, त्यातली कसरही तीच. पूर्ण वस्तू मोडली की कसर झाली.

मराठीत वरच्या अंकाला अंश आणि खालच्या अंकाला छेद म्हणतात. उर्दूत वरचा 'शुमार-कुनिंदा', म्हणजे मोजणारा आणि खालचा 'नसब-नुमा'. नसब म्हणजे वंश, खानदान. नसब-नुमा म्हणजे खानदान दाखवणारा. हा शब्द मी मराठी माध्यमाच्या मुलांनाही मुद्दाम सांगते. छेद सांगतो की तुकडा कोणत्या खानदानातला आहे : निम्म्यांच्या, तिसऱ्यांच्या की आठव्यांच्या. अंश फक्त सांगतो की तसे तुकडे किती आहेत. निम्मे आणि तिसरे यांचे खानदान वेगळे, म्हणून त्यांची थेट बेरीज होत नाही. आधी दोघांना एका खानदानात आणावे लागते. भाकरीचे सहा सारखे तुकडे केले, तर अर्धी म्हणजे तीन तुकडे आणि तिसरा हिस्सा म्हणजे दोन तुकडे. तीन आणि दोन पाच. उत्तर ५/६. पुस्तकात यालाच समच्छेद करणे म्हणतात.

याच ठिकाणी दुसरा गैरसमजही दिसतो. १/६ मोठा की १/८, असे विचारले तर अनेक मुले १/८ म्हणतात, कारण आठ सहापेक्षा मोठे. एकच भाकरी सहा जणांत वाटली तर तुकडा मोठा मिळेल की आठ जणांत, असे विचारले की चूक त्यांची त्यांनाच कळते.

कशाचा?

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न याच्याही आधी येतो. 'पाव' म्हटले की विचारायचे, कशाचा पाव? पाव किलो आणि पाव क्विंटल दोन्ही पावच, पण एक पिशवीत मावतो आणि दुसऱ्याला हमाल लागतो. पूर्ण काय धरले आहे, हे कळल्याशिवाय अपूर्णांकाला अर्थ नाही.

ईदच्या खरेदीला दुकानावर '५०% + २०% सूट' अशी पाटी असते. वाटते, सत्तर टक्के सूट मिळाली. हजाराच्या कपड्यावर पन्नास टक्के गेले, उरले पाचशे. पुढचे वीस टक्के हजाराचे नसतात, या पाचशेचे असतात, म्हणजे शंभर. द्यायचे चारशे. सूट साठ टक्केच झाली. दुकानदार खोटे बोललेला नाही. 'कशाचे वीस टक्के' हे आपण विचारले नाही, इतकेच.

साडेदहा हजार

हा प्रश्न मला शाळेने शिकवला नाही. तो मला घरातल्या एका चुकीने शिकवला.

१९९३ मध्ये माझे अब्बा वारले. मी नववीत होते. दादा आधीच गेले होते. मागे राहिलो अम्मी, दादी, भाईजान आणि मी. कफन-दफनचा खर्च आणि कर्ज फेडून ७२,००० रुपये उरले. नात्यातल्याच एका शिकलेल्या गृहस्थांनी हिशेब मांडला. नियम त्यांना माहीत होते : मयताला मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा आणि उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक.

त्यांनी आधी अम्मीचा आठवा काढला, ९,००० रुपये. उरले ६३,०००. त्याचा सहावा काढला, १०,५०० रुपये. ते दादीला दिले. राहिलेले ५२,५०० भाईजानला ३५,००० आणि मला १७,५०० असे वाटले गेले. बेरीज बरोबर जुळली. कुणाला शंका आली नाही. दादीने पैसे पोस्टात ठेवले आणि पुढे कितीतरी वर्षे ती 'माझे साडेदहा हजार' असेच म्हणायची. आजारपणात तेच तिच्या कामी आले.

पुढे मी शिक्षिका झाले. दादीला जाऊन काही वर्षे झाली होती. एकदा सहावीच्या वर्गात मुलांना जवळचे वाटावे म्हणून मी मीरासचे गणित घातले आणि आकडे सवयीने आमच्या घरचेच घेतले. फळ्यावर सोडवत गेले : १/८ म्हणजे ३/२४, १/६ म्हणजे ४/२४, मिळून ७/२४, उरले १७/२४. आईचा हिस्सा, ७२,००० चा सहावा : १२,०००.

खडू हातातच राहिला. दादीला तर साडेदहा हजार मिळाले होते.

सूरह अन-निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत जे ठरलेले हिस्से आहेत, ते कर्ज आणि वसीयत यांनंतरच्या संपूर्ण संपत्तीचे आहेत. आठवाही पूर्ण रकमेचा, सहावाही पूर्ण रकमेचा. उरलेल्यातून वाटणी होते ती मुलगा आणि मुलगी यांची. त्या गृहस्थांनी सहावा हिस्सा उरलेल्याचा काढला. भागाकार बरोबर, बेरीज बरोबर, फक्त 'कशाचा' चुकले. दादीचे दीड हजार गेले. ते कुठे गेले, हेही गणितच सांगत होते. भाईजानला ३४,००० ऐवजी ३५,००० आणि मला १७,००० ऐवजी १७,५००. दादीचे पाचशे रुपये माझ्याकडे होते.

त्या रात्री भाईजानला फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे किती निघतात?" आम्ही एका आलिमांना विचारले. त्यांनी सांगितले, दादीचा हक्क आता तिच्या वारसांचा. चाचांना दोन वाटे, फुफूला एक. भाईजानने चाचांना हजार दिले. मी पाचशे घेऊन फुफूकडे गेले.

"एवढ्यासाठी एसटीने आलीस?" फुफू म्हणाली. मी कागदावर हिशेब काढून दाखवला. तिने तो नीट पाहिला. मग म्हणाली, "अम्मीला लिहिता येत नव्हतं, पण पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती. बाजारात तिला कुणी फसवू शकत नव्हतं. त्या दिवशी तिच्यापुढे भाकरी मोडून सांगितलं असतं, तर तिने तिथेच पकडलं असतं." आणि थोड्या वेळाने, "तू तर शाळेत जात होतीस ना गं?"

जात होते. गणितात चांगले गुणही मिळत होते. लसावि काढता येत होता. तो कागद मीही पाहिला होता.

जुनी गरज

मीरास आणि गणित यांचे नाते जुने आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी 'अल-जब्र वल-मुकाबला' हा ग्रंथ लिहिला. 'अल्जेब्रा' हा शब्द त्याच्याच नावातून आला. या ग्रंथाचा शेवटचा मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्काच्या उदाहरणांचा आहे. बीजगणित म्हटले की आपल्या मुलांना क्ष आणि य यांची भीती वाटते. त्यांना सांगायला हवे, की ज्या ग्रंथावरून या विद्येला नाव मिळाले, त्यातच कुणाला किती मिळायला हवे याचे हिशेब पानोपानी आहेत.

घरी काय करता येईल?

यासाठी ट्यूशन लागत नाही. भाकरी किंवा चपाती मोडताना मुलांना विचारा, "किती सारखे तुकडे? त्यातले किती घेतलेस?" कागदाची पट्टी घडी घालून निम्मे, चौथे, आठवे दाखवा. घरात आजी असेल तर तिला सव्वा, दीड, अडीच यांचे हिशेब तोंडी विचारू द्या. आपल्या भाषेत यांना स्वतंत्र शब्द आहेत. मुले ते विसरत चालली आहेत.

उत्तर आले की ते पटते का, हे पाहायची सवय लावा. उत्तर अर्ध्याहून जास्त यायला हवे की कमी? दोन सारखे तुकडे मिळून एकापेक्षा लहान कसे होतील? 'गुणाकार केला की संख्या वाढते' हेही मुलांना तपासू द्या : अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव, गुणाकार करूनही कमीच झाले.

आणि रमजानमध्ये तुम्ही जकातीचा हिशेब करत असाल, तर मोठ्या मुलांना आणि मुलींना शेजारी बसवा. जकात म्हणजे चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच. ८४,००० वर २,१००. हे कोणीही कॅल्क्युलेटरवर काढेल. पण चाळिसावा कशाचा? महिन्याच्या पगाराचा, की निसाबाइतक्या आणि वर्षभर जवळ राहिलेल्या मालमत्तेचा? दागिने धरायचे का, देणे वजा करायचे का? जिथे खात्री नाही तिथे आलिमांना विचारा आणि विचारताना मुलांनाही सोबत न्या. वाटणीचा कागद घरात येईल तेव्हाही तो फक्त मोठ्या माणसांच्या हाती देऊन गप्प बसू नका. नववीतल्या मुलीला तो वाचायला द्या. तिने 'हा सहावा हिस्सा कशाचा?' असे विचारले, तर तिला मध्ये बोलू नकोस म्हणू नका.