मिठाचा पिवळा, सूर्याचा पिवळा

अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही. त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या असतात. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मीठ घातलेले भाताचे पाणी उतू गेले की वसई तालुक्यातल्या बोळिंजच्या स्वयंपाकघरातही गॅसची निळी ज्योत पिवळीधमक होते. मीठ वसईच्या मिठागरातले असो वा पाकिटातले, पिवळा तोच.

हा रंग मिठातल्या सोडियमचा. त्याच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात: आतल्या कवचात २, मधल्यात ८ आणि बाहेर एकटा १. आतले दहा घट्ट बांधलेले, ज्योतीची धग त्यांना हलवू शकत नाही. अकराव्यावरची पकड सैल. त्याला अणूतून पार उपटायला ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, पण लगतच्या वरच्या पातळीवर चढायला २.१ पुरतात आणि तेवढे ज्योतीतल्या धडकांतून मिळतात. वर तो जेमतेम १६ नॅनोसेकंद टिकतो. खाली येताना तीच ऊर्जा प्रकाशकण म्हणून टाकतो. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर, म्हणजे पिवळा.

पातळ्यांची ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये हायड्रोजनसाठी मांडली. जिन्याची उपमा नेहमी दिली जाते, पण या जिन्याच्या पायऱ्या सारख्या नाहीत. हायड्रोजनमध्ये त्या उणे १३.६, उणे ३.४, उणे १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट अशा वर जाताना दाटत जातात. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरतो हे बोरचे चित्र पुढे मागे पडले, पातळ्या मात्र टिकल्या.

प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून वर्णपटातल्या त्याच्या रेषाही वेगळ्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेष दिसली. ती सोडियमचीच, असे अनेकांना वाटले. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने २० ऑक्टोबरला ती पुन्हा टिपली. जागा सोडियमशी नेमकी जुळत नव्हती, ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती. विजयदुर्ग किल्ल्याशी त्याचे नाव जोडले जाते, पण त्याचे हे निरीक्षण इंग्लंडमधले. ती रेष हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमझीला सापडला १८९५ मध्ये.

हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन फार घट्ट धरलेले असतात. पहिली वरची पातळीच जवळपास २० इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच. त्यामुळे शेगडीच्या ज्योतीत हेलियम सोडला तरी ती पिवळी होत नाही.